न पाहता लिहिलेलं ‘पाहिले’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी, शाळेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी, सातवीच्या चाळीस निबंधवह्यांवर मी एक ओळही न वाचता लाल शाईने ‘पाहिले’ लिहून सह्या ठोकल्या. नंतर सावकाश वाचू म्हणून घरी आणल्या, त्या माळ्यावरच राहिल्या.

आज बायकोने गठ्ठा खाली काढला. “हे काय हो?”

“अनुशेष,” मी म्हणालो.

“म्हणजे साचलेला आळसच ना?”

पहिलीच वही सुनंदाची निघाली. कोपऱ्यावर तिचं शिवणाचं दुकान आहे. आवडता प्राणी म्हणून तिने पाल निवडली होती. ‘पाल आमच्या वर्गात फुकट शिकते आणि सरांना घाबरत नाही.’ मी इतका हसलो की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सरकारी कागदांतला अनुशेष नेहमी ओझ्यासारखा वाटायचा. माझा तर पोरांच्या गलक्याने भरलेला निघाला.

वही घेऊन तसाच दुकानात गेलो आणि सगळं कबूल केलं.

“तरीच, सर! मला वाटलं, पाल आवडली नाही म्हणून वही परत दिली नाहीत.”

मी तिथेच शेरा लिहिला: ‘फार छान. सरच पालीला घाबरतात.’

अजून एकोणचाळीस वह्या वाचायच्या आहेत.