वलगावची सहल आणि शंकरपटाचा ड्रायव्हर

वलगावच्या शाळेतल्या सुलोचनाबाईंचा उजवा हात गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळची घंटा होण्याआधी, मोडला. बाई रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या. अकोटहून आलेला, अकोल्याच्या एका शेठजींचा ट्रक बैलगाडीला मागं टाकायला म्हणून कडेला घुसला आणि बाईंना उडवून मग थांबला. शेठजी म्हणाले, नशीब. मी म्हणतो, अडाणीपणा! आणि तो ज्याचा त्याच्या पदरात घालायला मी एका शुक्रवारी अमरावतीहून पहिल्या एसटीनं निघालो. पिशवीत मोटारींच्या अपघातांवर मीच लिहिलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता.

वलगावला उतरलो तेव्हा वर्ग चालू होता. बाई डाव्या हातानं फळ्यावर लिहीत होत्या. उजवा कोपरात वाकत नव्हता. मी तावातावानं शेठजींवर खटला भरायचं काढलं.

"खटल्याचं नंतर," बाई म्हणाल्या. "रविवारी ही मुलं पातूरची लेणी बघायला चाललीत. शेठजींनी भरपाई म्हणून ट्रक फुकट देऊ केलाय. तोच ट्रक, तोच ड्रायव्हर. मी नको म्हटलं तर हेडमास्तर म्हणतात, बाईंनी धसका घेतलाय. तेवढं थांबवता येतं का बघा."

रविवार म्हणजे परवा. नामदेव नावाचा तो ड्रायव्हर अकोटला असतो असं बाईंकडून कळताच मी अकोटची गाडी धरली.

दर्यापूरच्या पुढे एसटीचं चाक पंक्चर होऊन बसलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून उरलेल्या पराट्या (कापसाची वाळलेली झाडं), आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. बाभळीखाली बसलेल्या एका शेतकरी जोडप्यानं मला रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची जळजळीत भाजी वाढली. वर पाणी प्यायलो तर तेही खारट. इकडच्या विहिरी तशाच.

"नामदेवले भेटाले चालले?" मी कुठं चाललो ते ऐकून शेतकरी खूश झाला. "अवो, शंकरपटाचा राजा हाये तो!" शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत.

"पण मोटार कधी शिकला?"

"शिकाले काय लागते? जो जोडी आवरते त्याले मोटर काहून नाही आवरणार?"

त्याची बायको म्हणाली, "तुमाले तं सायकल बी नाही आवरत." आणि आणखी एक रोडगा माझ्या पानात टाकला.

अकोटच्या जिनात (कापसातली सरकी काढायच्या गिरणीत) नामदेव भेटला. उंचापुरा, हसरा, डोक्याला लाल शेला. मी आलो कशाला ते स्पष्ट सांगितलं. तो बिलकूल चिडला नाही. "अकोल्याले शेठजीपाशीच चाललो, भाऊ. बसा. मोटर पाहून घ्या, मंग बोला."

बसलो. तो सीटच्या टोकावर, अंग पुढे झोकून, बैलगाडीच्या धुरेवर बसल्यासारखा बसला. गावातून निघताना पोरं टाळ्या वाजवत होती. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे कडबा लादलेली बैलगाडी मधोमध आडवी आली. त्यानं भोंगा दिला नाही, वेग उतरवला नाही, उजवीकडून घुसला. समोरून दूधवाला सायकलवर!

मी ओरडलो. नामदेवनं दोन्ही हातांनी चाक छातीशी ओढलं. कासरा ओढावा तसं! पाय ब्रेकवर गेला तोवर ट्रक रस्ता सोडून पराट्यांत शिरला होता. काळ्या ढेकळांत रुतला म्हणून थांबला. दूधवाला सांडलेल्या दुधात बसून बोंबलत होता, "तुह्या बापाचा पट हाये काय बे!"

त्याला खरचटलंही नव्हतं. नामदेवच्या हातांतलं चाक मात्र सुटत नव्हतं.

"जोडी असती तं थांबली असती," तो म्हणाला. "बैलाले डोळे असतात. बाईच्या वक्ती बी असंच झालं."

"ब्रेक कधी दाबायचा हे कोणी शिकवलं?"

"कोनी नाही. शेठजी म्हणे, लायसनचं मी पाहून घेतो." मग म्हणाला, "तुमीच सांगा त्याइले. मी सांगतलं तं पटात काय तोंड दाखवू?"

"तुम्हीच सांगायचं," मी म्हणालो. "मी शेजारी उभा राहतो."

अकोल्याला शेठजींनी गादीवर बसवून चहा पाजला. "लोकं भरपाईसाठी रडतात, अन् तुमी गाडी नको म्हणता! कमाल हाये, बाप्पा!"

मी पत्रक उघडणार तोच नामदेव पुढे झाला. "शेठजी, रविवारी मी लेकरं नाही नेत. मले मोटर चालवता येत नाही."

"येत नाही म्हणजे? वर्ष झालं चालवून राह्यला ना बे!"

"हाव. पन येत नाही."

मी लायसनचं काढलं, खटल्याचं काढलं. शेठजींना मधे बोलूच दिलं नाही. उठण्याआधी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: मुलं एसटीनं जातील, आणि नामदेव जाणत्या ड्रायव्हरच्या हाताखाली पहिल्यापासून शिकेल, तोवर चाकाला हात लावणार नाही.

दारात नामदेव हळूच म्हणाला, "पटात कोनाले सांगू नका, भाऊ."

"मोठ्या अक्षरांत छापणार," मी म्हणालो. तो आधी तडकला, मग हसला. "मंग नाव बी बरोबर टाका."

रविवारी मुलांनी पातूरच्या लेण्यांत आरोळ्या ठोकून घसे बसवून घेतले. संध्याकाळी सगळी वलगावला आपापल्या पायांनी उतरली, आणि मी अमरावतीला परतलो. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. नामदेव वाईट माणूस असता तर सोपं होतं. चांगल्या माणसाला न शिकवता चाकावर बसवतो आपण, आणि वर टाळ्याही वाजवतो आपणच.

म्हणून हे वाचून झालं की उठा. तुमच्या गावातल्या मोटारमालकाच्या दारात जा आणि विचारा, "तुमच्या ड्रायव्हरला कोणी शिकवलं?" नाव सांगता आलं नाही, तर त्या गाडीत तुमचं पोर चढवू नका.