दोनदा वाजून थांबणारा फोन

दारात दोघे उभे होते. लष्करी कपडे, टोप्या काखेत. एक पन्नाशीचा, दुसरा पोरगेला. पन्नाशीच्या माणसाने आमच्या नातवाचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, त्यांचं घर हेच का. मी म्हटलं, नाही, वर विचारा.

वर एक बंगाली मास्तर राहतात, त्यांना मूलबाळ नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी जिन्याकडे बोट दाखवलं. दारावरच्या पाटीवर आमचं आडनाव लिहिलेलं होतं. ते माझ्या बोटाकडे न पाहता पाटीकडे पाहत राहिले. आत सून शिऱ्यासाठी रवा भाजत होती, त्याचा वास दारापर्यंत येत होता. मोठा म्हणाला, "माताजी, अंदर आ सकते हैं?"

मी दारातून हलले नाही. आत घेतलं नाही तर ते काही सांगणार नाहीत, आणि सांगितलं नाही तर काही झालेलं नाही, एवढंच डोक्यात होतं. मी दोन्ही हातांनी चौकट धरली. म्हातारी दार अडवते आहे हे त्यांना दिसत होतं.

शिरा का चालला होता ते सांगते.

माझा मुलगा बँकेत आहे. चार वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो. डमडमला राहतो, घरावरून विमानं खाली उतरतात. नातू आमच्याबरोबर आला नाही. बापाला त्याने बँकेच्या परीक्षा द्यायला हव्या होत्या. तो गावाकडे काकाजवळ राहिला, पहाटे पळायला जाऊ लागला, आणि भरतीत पायदळात निवडला गेला. बाप दोन महिने त्याच्याशी बोलला नाही.

पोरगा शूरबिर काही नव्हता. लहानपणी फटाक्यांना भिऊन माझ्या पदराखाली शिरायचा. कालीपूजेला सुट्टीवर आला तेव्हा अख्खी गल्ली फटाके वाजवत होती. हा माझ्या खाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, भीती वाटते गं तिकडे." मी म्हटलं, "वाटू दे. भ्यालेला माणूस वाकून चालतो. वाकलेला वाचतो." त्याला हसू आलं. म्हणाला, आमचा ट्रेनिंगचा उस्ताद पण हेच सांगतो, फक्त शिव्या घालून.

लढाई सुरू झाल्यावर त्याचा फोन बंद झाला. पुढच्या ठाण्यावर स्वतःचा फोन नेऊ देत नव्हते. खालच्या तळावर कुणाचा तरी फोन मिळायचा, त्याला रांग असायची. म्हणून वर जाण्याआधीच्या फोनवर त्याने नियम घातला. फोन दोनदा वाजून थांबला की तो ठीक आहे. माझ्याच फोनवर, कारण मी सारा दिवस घरात असते. कागदोपत्रीही त्याने माझाच नंबर दिला होता. येणारा नंबर रोज वेगळा असेल, फोन उचलायचा नाही.

"उचललास तर रडत बसशील, आणि मागचे दहा जण खोळंबतील."

मी म्हटलं, मी रडत नाही. तो म्हणाला, मग भांडशील.

अकरा दिवस फोन वाजून थांबत होता. त्या दोन घंट्या होईपर्यंत घरात कुणी पोटभर खात नसे. मुलगा एस्प्लनेडच्या शाखेतून सुनेला विचारायचा, आला का. विमान जरा जास्त खालून गेलं तरी सून हातातलं काम टाकायची. शेजारीण रोज मासळीबाजारातून येताना दारात थांबायची, बंगालीत मावशी म्हणून हाक मारायची, "माशीमा, खबर?" मी मान हलवायची.

बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर. एक, दोन. मी श्वास सोडला. तीन. चार. मी फोन मुठीत दाबून बसले. उचलायचा नाही हा नियम होता, आणि त्या नियमामागे मी लपले, खरं तेच सांगते. तो पुरा वाजून बंद झाला. मग परत वाजला, परत पुरा.

सुनेने स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, कितीदा वाजला?"

मी म्हटलं, "दोनदा."

ती रडली, मग हसली, आणि म्हणाली शिरा करते, त्याला आवडतो. तासाभराने दार वाजलं.

ते दोघे शेवटी आत आलेच. त्यातल्या मोठ्याने उभ्यानेच सांगितलं, आणि म्हणाला, आधी दिलेल्या नंबरवर युनिटने दोनदा फोन केला होता, कुणी उचलला नाही. सून कढईपाशी होती. तिने आधी गॅस बंद केला, मग खाली बसली.

गाव म्हणालं त्याला इकडेच आणा. आम्ही डमडमहून विमानाने गेलो. गावात तीनशे माणसं घोषणा देत होती. माझा मुलगा त्यात घोषणा न देता उभा होता. बँकेच्या परीक्षेचे फॉर्म अजून त्याच्या बॅगेत होते.

तेराव्याला मी सुनेला सांगून टाकलं. म्हटलं, दोनदा नव्हता वाजला, मी खोटं बोलले.

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "मी आतून मोजत होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा आठ, दुसऱ्यांदा आठ."

"मग शिरा का केलास?"

"तुम्ही दोन म्हणालात ना, आई. मला दोनच पाहिजे होते."

नातवाबरोबरचा एक जवान नंतर हॉस्पिटलातून मुलाशी बोलला. तो जखमी पडला होता, नातू त्याला ओढत मागे आणत होता. चांगला वाकून चालला होता म्हणे. गोळा वरून आला.

तो जवान वाचला, एक पाय गेला त्याचा. माझं वय एक्क्याऐंशी, मी आहे. सून आहे, मुलगा आहे. नातू तेविसाव्या वर्षी गेला.