आरशासारखी फरशी

मिरजगावात आमच्या शेजारी एक म्हातारबाबा राहतात. मुलानं नवं घर बांधून आत आरशासारखी फरशी घातली, तेव्हापासून त्यांचा मुक्काम गोठ्यात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. गाव मुलाच्या नावानं बोटं मोडतं, "बापाला जनावरात टाकलं." मलाही तसंच वाटायचं.

उठताना ते म्हशीला म्हणतात, "थांब गं बाई," आणि तिच्या पाठीवर हात टेकतात. बघणाऱ्याला वाटावं, माया करतायत. कुणी गेल्याचं कळलं की वय, आजार काही विचारत नाहीत. "पडला हुता का?" एवढंच.

दिवाळीत सुनेनं त्यांना ओवाळायला आत पाट मांडला. मी अंगणातच होतो. त्यांनी चप्पल काढून एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. अंगठा फरशीत रोवायला बघत होता आणि फरशी रोवू देत नव्हती. पोटऱ्या थरथरू लागल्या. तेवढ्यात रस्त्यानं दोघं जण येताना दिसले. बाबांनी पाय मागं घेतला आणि मोठ्यांदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुमचं घर तुमाला लखलाभ."

सून ताट घेऊन तशीच उभी राहिली. मुलानं मान खाली घातली.

मी मागोमाग गोठ्यात गेलो. "बाबा, लोक पोराला नावं ठेवतात. त्यांना खरं काय ते सांगा की."

"ठिवू दे," म्हशीच्या पाठीवर हात टेकून ते म्हणाले. "त्याला सोसंल. तरना हाय त्यो."

एवढ्यात म्हैस जागची हलली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.