फलकावरची खडूची ओळ

बाईंची आणि माझी ओळख मी त्यांचे नाव पुसल्यामुळे झाली.

मी शाळेत शिपाई होतो. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर नावांचा एक काळा फलक होता. वर हेडमास्तरांचे आणि त्याखाली तीन शिक्षकांची नावे पांढऱ्या तैलरंगात लिहिलेली होती. सर्वांत खाली एक ओळ खडूची असे. मला अक्षरओळख नव्हती. सकाळी ओल्या फडक्याने फलक पुसताना ती ओळ निघून जाई. पोरांनी काहीतरी खरडले असेल, असे मी समजे. आठ-दहा दिवसांनी नवीन बाई खडू घेऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"काका, रोज पुसून टाकता मला. काही चुकलं का माझं?"

मी ओशाळलो. "बाई, आपल्याला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यातली तुमची मुंगी कोणती, ते कसं कळावं?"

त्या मनापासून हसल्या आणि त्यांनी आपल्या नावाचे पहिले अक्षर मला तीनदा गिरवायला लावले. म्हणून छप्पन्नाव्या वर्षी मी जे पहिले अक्षर शिकलो, ते माझ्या नावातले नव्हते.

पुढे शाळा सुटल्यावर त्या आम्हा तिघांना शिकवू लागल्या: मी, समोरचा शिंपी आणि फाटकापाशी फळे विकणाऱ्या मावशी. आमच्यासाठी त्यांनी वेगळी हजेरीची वही केली होती. बायको म्हणे, "केस पिकल्यावर पाटी धरली! उद्यापासून दप्तर भरून देऊ का?" हजेरीला "हजर" म्हणताना मला जो अभिमान वाटे, तो तिला कसा समजावा?

बाईंचे नाव खडूने का, हे मला त्या वर्गातच कळले. नियम असा होता की दर तीस मुलांमागे एक शिक्षक मंजूर होतो. नव्वदच्या वर एक जरी मूल असले, तरी चौथे पद मिळते. मंजूर पदावर सलग दोन वर्षे काढली की शिक्षकाची कायम नोंदणी होते, त्याला क्रमांक मिळतो आणि फलकावर रंगाने नाव चढते. बाई नऊ वर्षे वेगवेगळ्या शाळांत तासांवर, म्हणजे जितके तास तितके पैसे, अशा शिकवत आल्या होत्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी चौऱ्याण्णव मुले भरली आणि त्यांना पद मिळाले. दुसऱ्या वर्षी पटावर बरोबर एक्याण्णव होती.

पटपडताळणीच्या दिवशी अधिकारी येऊन वर्गात बसलेली मुले मोजत. पटावर नाव असून भागत नसे, मूल समोर दिसावे लागे. त्या सकाळी दुसरीतली एक मुलगी आली नव्हती. बाईंनी मला तिच्या घरी पाठवले. मुलगी तापाने फणफणली होती. तिची आजी म्हणाली, "नेता तर न्या, पण पोर उभी राहत नाही."

मी तिला नेले नाही. मनात विचार केला की आजारी लेकराला कशाला त्रास द्यावा, हजेरीत माझेही नाव आहेच. मी घरी गेलो, धुतलेला सदरा घातला आणि पाटी घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

अधिकारी मोजत माझ्यापर्यंत आले. "काका, पाणी नंतर आणा."

"पाणी द्यायला नाही आलो साहेब. मी एक्याण्णवावा."

"वय?"

"छप्पन्न."

मुले खो-खो हसली. साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "काका, तुमची वही वेगळी. हा पट लेकरांचा."

दारात उभ्या असलेल्या बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "काका, ती पोरगी?"

"ताप होता. म्हटलं, मी आहेच की."

मग मी धावत सुटलो. मुलीला चादरीत गुंडाळून खांद्यावर आणली, तेव्हा साहेब पेनाला टोपण लावत होते. "सही झाली काका. आता खाडाखोड चालत नाही."

नव्वद. बाईंच्या हातातोंडाशी आलेला घास मी हिरावला. दोन वर्षे सलग हवीत, म्हणून आधीचे वर्षही फुकट गेले. मी पाया पडायला वाकलो, तर त्या मागे सरल्या आणि फक्त एवढेच बोलल्या, "एवढ्या तापात पोरीला उचलून आणायचं नव्हतं काका." स्वतः मुलीचे अंग पुसून तिला घरी पोचवून आल्या. महिनाअखेरीस त्यांना कार्यमुक्त केले. दूरच्या एका शाळेत पुन्हा तासांवर त्या लागल्या, इतकेच समजले.

त्याला सात वर्षे झाली. मी आता निवृत्त आहे. दर वर्षी शिक्षण कार्यालयाच्या भिंतीवर नव्याने नोंदणी झालेल्या शिक्षकांची यादी लागते. मी जातो आणि वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचतो. मला अर्धा दिवस लागतो. यंदा तिथल्या कारकुनाने विचारले, "आजोबा, यादीत कोण तुमचं? लेक का सून?"

"माझ्या बाई."

"म्हणजे अजून शाळेत जाता?"

"जातो."

एकदा पहिले अक्षर तेच निघाले. पुढची अक्षरे मी दोनदा बोट ठेवून जुळवली. ते नाव दुसऱ्याच कोणाचे होते. बाईंचे अजून आलेले नाही.

बाईंच्या आमच्या शाळेतल्या शेवटच्या दिवशी हेडमास्तरांनी मला फलक पुसायला सांगितले होते. फडके ओले करून मी उभा होतो आणि ती ओळ आता मला पूर्ण वाचता येत होती. बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. फलकाकडे बघून म्हणाल्या, "काका, आजचा दिवस राहू द्या. उद्या पुसा."