जेवती जमीन

मी नेरची, कापूसवाल्या घरातली. नोकरीनं मला आर्णीच्या पुढं, सागाच्या जंगलाला चिकटलेल्या एका कोलाम पोडावरच्या शाळेत आणून टाकलं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, पंचवीसेक घरांची. माझा स्वभाव तेव्हाही झाडूचा होता, आजही आहे. केर दिसला की हात शिवशिवतात, आणि कोणी "राहू द्या बाई" म्हटलं की मला जास्तच चेव येतो.

शाळेत खिचडी शिजवणारी मावशी पोडावरचीच. काचबिंदूनं तिचे डोळे जवळजवळ गेले तेव्हा तिनं काम सोडलं, पण माझी आणि तिची गट्टी सुटली नाही. एका श्रावणात ती माझा हात धरून जंगलात घेऊन गेली. म्हणायला मी डोळस, पण नेत होती ती, अनवाणी पायांनी जमीन चाचपत. एका वारुळाजवळ थांबली. ओल्या मातीतून सात्या वर आल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, टोपलंभर. सात्या म्हणजे वारुळाच्या मातीतून उगवणारी अळिंबी. ती शिजवली की घरातलं माणूस मटणाला विसरतं. सात्यांची जागा कोणी कोणाला सांगत नाही. मावशीला ती तिच्या आईनं दाखवली होती, हात धरून, एक शब्द न बोलता. मावशीला लेक नाही, म्हणून तिनं मला दाखवली. मी घरी येऊन रडले, इतकं बरं वाटलं होतं.

भाद्रपदात एका दुपारी आम्ही दोघी त्याच बाजूला गेलो. आभाळ निरभ्र, आणि जंगलात पाऊस पडत होता. मी छत्री उघडली. छत्रीवर टपटप वाजलं, पण छत्री कोरडीच राहिली. हात बाहेर काढला तर तळव्यावर काळे दाणे, राईएवढे. वर पाहिलं. सागाच्या एकाही झाडाला धड पान राहिलं नव्हतं, नुसत्या शिरांची जाळी. त्या जाळ्यांवर अळ्या हलत होत्या, धाग्यांना लोंबत होत्या, आणि पडत होती ती त्यांची विष्ठा. ऐन पावसाळ्यात जंगलात उन्हाळ्याचा पांढरा उजेड पडला होता. ओळखीचं माणूस आजारातून उठल्यावर ओळखू येऊ नये, तसं झालं होतं ते.

जमीन तर बघवत नव्हती. काळ्या दाण्यांचा थर, त्यातून फिरणारे बुरशीचे पांढरे धागे, आणि थराखाली काहीतरी सरकत होतं. थर एका जागी फुगायचा, परत बसायचा. मावशीनं मला खाली बसवलं, माझा तळवा जमिनीवर दाबला. जमीन कोमट होती. कान लावला तर वाळव्या पाला कुरतडत होत्या, बारीक, न थांबणारा कुरकुर आवाज. मी हात झटकून उठले.

"जेवून राह्यली ते," मावशी म्हणाली. "वरचं जंगल उपाशी, खालचं जेवते. हात नोको लावू, बाई. जेवत्या ताटावरून कोनाले उठवू नाही."

मी हो म्हटलं. पण घरी आल्यावर तो कोमटपणा तळव्यावरून जाईना, साबण लावून धुतला तरी. आणि आमच्या घरची अक्कल डोक्यात घुमायला लागली. कपाशीवर अळी पडली की हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या उपटून जाळायच्या, बुडाशी औषध ओतायचं, नाहीतर जमिनीतले कोष पुढच्या साली उठतात. लहानपणापासून हेच पाहिलेलं. विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात, त्यामुळं ते ओतताना हात कधी कापत नाही. मावशीनं भरवशानं दिलेली जागा अळ्यांच्या तोंडी द्यायची नाही, असं मी ठरवलं. खरं सांगते, मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता.

दसऱ्याला नेरला गेले, घरातली औषधाची अर्धी बाटली आणली. एका रविवारी सकाळी एकटीच गेले. वारुळाभोवतालचा पाला ओढून एका बाजूला केला, जमीन अंगणासारखी लख्ख केली, पाला जाळला. मग बादलीत औषध कालवून वारुळाच्या भोकांत आणि भोवती ओतलं.

आधी गांडुळं वर आली. मग वाळव्या, गोमा, पांढरे किडे, नाव माहीत नसलेलं कितीतरी, सगळं एकाच वेळी, घराला आग लागल्यावर माणसं बाहेर पडावीत तसं. माझ्या चपलांवरून गेलं. थोड्या वेळानं सगळं थांबलं. मी पुन्हा कान लावला. काही ऐकू आलं नाही, आणि मला वाटलं, झालं काम.

अळ्यांनंतर पुन्हा पालवलेल्या सागाची हिवाळ्यात पानगळ झाली. पुढचा पाऊस लागल्यावर मी जाऊन आले, तर दहा पावलांवर सगळीकडं पाल्याची माती झालेली, आणि वारुळाभोवती मात्र एक गोल, जिथं प्रत्येक पान जसं पडलं तसं होतं. भिजलेलं, पण अख्खं, देठासकट. त्या गोलात मुंगीही फिरत नव्हती. कुजल्याचा वासदेखील नव्हता. मी काय केलं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. श्रावण सरत आला तरी सात्या आल्या नाहीत.

मावशीनं हट्ट धरला, "मले घेऊन चाल." या वेळी मी पुढं होते, ती मागं. जागेवर आलो तशी ती थबकली. वाकून हातानं चाचपलं, एक पान उचललं, बोटांनी कडेकडेनं फिरून पाहिलं.

"हे माही जागा नाही."

"मावशी, हीच आहे."

"माह्या जागेवर पाला टिकत नाही. खालचे खाऊन टाकतेत. हा त अख्खा आहे." तिनं पान टाकलं आणि हसली. "तुले एकटीलेच पाह्यजे होती, त सांगाचं ना वं. मी काय नाही म्हनली असती?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, मावशी, मी औषध टाकलं. ते बोलले असते तर तिच्या आईची जागा तिथल्या तिथं मेली असती. गप्प राहिले तर जागा कुठंतरी जिवंत होती, फक्त चोरीला गेली होती. चोर व्हायला मला आवडलं असं नाही. पण मी गप्प राहिले, आणि तिला हाताला धरून घरी आणलं.

आता दर श्रावणात तिच्याकडं गेले की ती विचारते.

"आल्या?"

"आल्या."

"किती?"

"टोपलंभर."

"चोट्टी," म्हणते, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. मी मान खाली घालते. तिला दिसत नाही, तरी घालते.