दर मंगळवारची सही

माणूस चांगला, हेतूही चांगला, आणि तरी सही खोटी... अशा वेळी दोष कुणाला द्यायचा? मला अजून सांगता येत नाही. घडलं तेवढं लिहिते.

म्हसावदपासून थोडं आत आमचं गाव. दर मंगळवारी डॉक्टर येऊन गरोदर बायकांना तपासतील, असं आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलंय. डॉक्टर येत नव्हते... चौथ्या महिन्यात वहिनी सलग दोन मंगळवार तिथल्या ओट्यावर बसून परत आली.

मी नुकतीच राज्यशास्त्रात बीए झालेली, घरातली पहिली पदवीधर. आमदार गावात आले तेव्हा अर्ज घेऊन पुढे गेले. त्यांचे पीए म्हणाले, विधानसभेत प्रश्न विचारायची एक पद्धत असते, मुद्द्याच्या शेवटी 'हे खरे आहे काय' असं लिहायचं. मी तसं लिहून दिलं आणि आमदारांनी खरंच प्रश्न लावला. घरात आठवडाभर मी लोकशाहीवर भाषणं देत होते.

वहिनीला सातवा लागला तेव्हा मंत्र्यांचं छापील उत्तर व्हॉट्सॲपवर आलं. 'हे खरे नाही.' कारण भेट नोंदवहीत दर मंगळवारी डॉक्टर आल्याची नोंद आहे आणि प्रत्येक नोंदीखाली ग्रामस्थाची सही आहे. काय कारवाई केली, या पुढच्या मुद्द्याला उत्तर होतं, 'प्रश्न उद्भवत नाही.'

तशीच उपकेंद्रात गेले. तिथल्या नर्सनी, आमच्या सिस्टरनी, वही पुढे सरकवली... सगळ्या सह्या माझ्या आईच्या होत्या. आई शेजारच्याच अंगणवाडीत मदतनीस आहे.

संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी विचारलं, तर तिने लपवलं नाही. महिन्याच्या शेवटी सिस्टर वही आणतात, ती चारही मंगळवारच्या सह्या एकदम करते.

"सिस्टर एकलीच राबस वं," आई म्हणाली. "तिन्हा कागद अडकी जातीन म्हने. मी डॉक्टरसाठे नही, तिन्हासाठे सही करी."

वहिनी सासूला, म्हणजे आईला, आत्याबाई म्हणते. ती चुलीपुढून म्हणाली, "मंत्रीले मी दखायनू नही, आत्याबाईनी सही मातर दखायनी."

आई हसली नाही. बराच वेळ ती वहिनीकडेच बघत होती.

मी पीएंना फोन केला. ते म्हणाले, आमदार पुन्हा विचारतील, पण ज्यांची सही आहे त्यांनीच लेखी द्यायला हवं. तसं दिलं तर आईच्या नोकरीवर येऊ शकतं, हे मी तिला सांगितलं. आमच्या घरात दर महिन्याला ठरलेला पैसा तिचाच येतो.

दुसऱ्याच दिवशी महिनाअखेर होती. सिस्टरनी वही आणली तेव्हा आईने सही केली नाही, एवढं वहिनीकडून कळलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "लिख. पन सिस्टरनं नाव लेऊ नको."

सरकारला प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे मी तीन वर्षं पुस्तकात वाचलं. त्यासाठी काय पणाला लावावं लागतं, ते आईने दाखवलं... तिचे आभार मानायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

डॉक्टर न येताही मी सह्या केल्या, असं आईच्या नावानिशी लिहिलं, तिला दोनदा वाचून दाखवलं. खाली तिने सही केली. काल शहाद्याला जाऊन ते पत्र आमदारांच्या ऑफिसात दिलं आणि पोच घेतली.