सूर्याची वखार

आमच्या गल्लीतल्या कोळसेवाल्यांनी सगळा जन्म कोळशाच्या वखारीत काढला. त्यांच्या सुनेने गच्चीवर उन्हावर पाणी तापवणारा हीटर बसवला, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं.

"मामंजी, जमिनीतला कोळसा संपला की संपला. ऊन रोज नवं येतं," ती म्हणाली. तिला वखारीच्या जागी असल्याच हीटरचं दुकान काढायचं होतं.

"त्या हीटरच्या नळाचं पाणी माझ्या अंगावर पडलं, तर वखार तुझी!" त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

तेव्हापासून रोज सकाळी ते अंगणात पाणी तापवायचा बंब पेटवत, गल्लीभर धूर करत आणि बादली घेऊन न्हाणीघरात शिरत. सून खोकत खिडक्या लावून घेई.

मग एकदा आभाळ भरून आलं ते हटेचना. न्हाणीघरातून आरोळी आली, "सूनबाई, तुझा सूर्य कुठे उलथला? पाणी नुसतं बर्फ!"

"अहो, पण बंब पेटलाय की!"

आतला हीटरचा नळ घाईघाईने बंद झाला. सुनेने बंबाला हात लावला, तर तोही गार. धुरापुरते चार ओले कोळसे तेवढे आत होते.

दार किलकिलं झालं. डोक्यावर साबण, डोळे गच्च मिटलेले.

"आधी गॅसवर पातेलंभर पाणी ठेव, मग वखारीची किल्ली घे. पण शोरूम म्हणायचं नाही. पाटीवरचा 'कोळसा' पूस, 'वखार' राहू दे."

"आणि ढगाळ दिवशी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"माल संपला म्हणायचं. मी जन्मभर तेच केलं."